मागच्या पायाची जागा: सर्फबोर्डला ट्रॅक्शन पॅड निवडताना आणि चिकटवताना

ट्रॅक्शन पॅडचं पाकीट फोडलं की फोमचे तीन तुकडे निघतात, सोबत एखादा स्टिकर निघतो, आणि लावायचं कसं याबद्दल पाकिटामागे जेमतेम दोन ओळी असतात. मी माझं पहिलं पॅड पुण्यात, ऐन जुलैत, अंदाजपंचे लावलं. बाहेर धो धो पाऊस, खोलीत दोरीवर ओले कपडे. बोर्ड हाताच्या सॅनिटायझरने पुसला, कागद ओढला, तळव्याने दाबलं, झालं काम! ऑक्टोबरात मोरजीला गेलो तेव्हा लक्षात आलं की मधला तुकडा लीशच्या, म्हणजे बोर्ड घोट्याला बांधायच्या दोरीच्या, खाचेवर चढलाय. दोरी ओवायला सुरीने भोक पाडलं. तिसऱ्या दिवशी उजवा तुकडा एका कडेने सुटून जिभेसारखा लोंबायला लागला.

त्यानंतर स्वतःची आणि मित्रांची मिळून बरीच पॅडं लावली. हा लेख त्या अनुभवातून, नुकतंच सर्फिंग शिकलेल्यांसाठी.

आधी थोडी ओळख. ट्रॅक्शन पॅड म्हणजे बोर्डच्या वरच्या बाजूला, शेपटीजवळ, मागच्या पायाखाली चिकटवायचा खाचाखाचांचा फोम. कुणी याला टेल पॅड म्हणतं, ऑस्ट्रेलियात नुसतं ‘ग्रिप’ म्हणतात. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या हर्बी फ्लेचर यांनी ‘ॲस्ट्रोडेक’ नावाने अशी पॅडं बाजारात आणली. पुढे काही वर्षं लोक बोर्डचा पुढचा भागही भडक रंगांच्या पॅडांनी झाकायचे. मग ती हौस ओसरली आणि बहुतेकांच्या बोर्डवर मागच्या पायाखालचं तेवढं उरलं.

ते उरलं याला कारण आहे. पाय घसरू नये म्हणून वॅक्सही, म्हणजे बोर्डवर घासायचं मेणही, चालतं. पण मागचा पाय नेमका कुठे पडलाय हे खाली न बघता पायालाच कळावं, हे काम वॅक्सला जमत नाही. पॅडच्या मागच्या टोकाला उंचवटा असतो, मध्ये कणा असतो; तळव्याला ते जाणवतात आणि पाय आपली जागा शोधतो. म्हणून मी रंग आणि कंपनी यांवर पाच मिनिटं घालवतो आणि जागा ठरवण्यावर अर्धा तास.

तुम्हाला पॅड हवंय का?

हा प्रश्न पैसे खर्च करण्याआधीचा. गोव्यात हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी किंवा कर्नाटकात मुलकीला शिकायला गेलात तर हातात बहुतेक ८ किंवा ९ फुटांचा सॉफ्ट टॉप येतो, म्हणजे वरून मऊ फोम असलेला बोर्ड. अशा बोर्डला पॅड लावू नका. एक तर त्याचा पृष्ठभाग मुळातच खडबडीत असतो, पाय सहसा घसरत नाही. दुसरं म्हणजे तो वरचा फोम बहुधा पॉलिएथिलीनचा असतो आणि त्यावर कुठलाच गोंद नीट धरत नाही. तिसरं, शिकताना पाय रोज वेगळ्या जागी पडतो, मग खूण करायची तरी कुठे?

लाँगबोर्डलाही सहसा लावत नाहीत. त्यावर माणूस पुढे-मागे चालतो, आणि चालताना मध्येच आलेला उंचवटा पायात येतो. तिथे वॅक्सच बरं.

पॅडची वेळ येते ती तुम्ही साधारण ७ फुटांच्या आतल्या कडक बोर्डवर आलात की. फायबरग्लास आणि रेझिनचा बोर्ड, खाली तीन किंवा चार फिन्स (शेपटीखालचे पर), आणि तुम्ही आता लाटेवर नुसतं सरळ न जाता वळायला बघताय. वळायचं म्हणजे शेपटीवर भार टाकायचा, फिन्सच्या वर. पॅडचा आणखी एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. टाचेच्या दाबाने डेकवर, म्हणजे बोर्डच्या वरच्या बाजूवर, जे खळगे पडतात ते पॅडखाली कमी पडतात, त्यामुळे बोर्ड जास्त टिकतो.

आपल्याकडच्या पाण्याबद्दल एक सूचना. डिसेंबर ते फेब्रुवारी गोव्याची लाट लहान आणि मवाळ असते. अशा लाटेवर नवशिक्या सगळा भार मागे टाकून उभा राहिला की बोर्डचं नाक वर उठतं, वेग मरतो आणि लाट खालून निघून जाते. पॅड लावलं म्हणून सतत त्यावरच उभं राहायचं नसतं. वेग घेताना मागचा पाय थोडा पुढे, वळताना पॅडवर.

दुकानात काय बघायचं

पॅडं जवळपास सगळी ईव्हीए फोमची असतात. चपलांच्या मऊ तळव्यात असतो तोच प्रकार, फक्त घट्ट. पाठीवर गोंदाचा थर, त्यावर कागद. बऱ्याच पॅडांवर ‘३एम’ कंपनीचा गोंद असल्याचं लिहिलेलं असतं. तो असेल तर चांगलं, पण खराब पुसलेल्या बोर्डवर तोही सुटतो.

दुकानदार आधी रंग दाखवेल. तुम्ही आधी पॅड उलटं-सुलटं करून उंचवटा बघा. मागच्या कडेच्या या उंचवट्याला ‘किक’ म्हणतात. साधारण २० ते ३० मिलिमीटर उंच. काहींत भिंतीसारखा सरळ उभा, काहींत उतरता. सरळ उभी किक पायाला घट्ट अडवते, जोरकस वळणं घेणाऱ्यांना ती आवडते. नवख्याने मध्यम उंचीची, उतरती किक घ्यावी. पाय चुकून किकवर पडला तर उभ्या किकवर तो मुरगळतो. उतरत्या किकवरून घसरून खाली जागेवर येतो.

मग मधला कणा, म्हणजे ‘आर्च’. मागचा पाय बोर्डवर आडवा पडतो: टाच एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला, तळव्याची कमान बरोबर मधोमध. आर्च त्या कमानीत बसते. इथे तुमचा पाय बघा. ओल्या पायाने फरशीवर उभे राहा. ठशाची मधली बाजू अरुंद उमटली तर कमान चांगली आहे, उंच आर्च चालेल. पूर्ण तळवा सपाट उमटला तर सपाट किंवा अगदी कमी आर्चचं पॅड घ्या, नाहीतर अर्ध्या तासात तळवा दुखायला लागतो. माझे पाय सपाट आहेत. मित्राच्या शिफारशीवरून उंच आर्चचं पॅड घेतलं आणि दोन आठवड्यांत त्यालाच देऊन टाकलं.

तुकडे किती, हे शेपटीच्या रुंदीवर ठरवा. एकसंध पॅड लावायला सोपं, पण ते जसं आहे तसंच बसतं. तीन तुकड्यांचं पॅड जवळ-लांब करता येतं. अरुंद, टोकदार शेपटीवर तुकडे जवळजवळ लावायचे, रुंद चौकोनी शेपटीवर मध्ये थोडी जास्त फट ठेवायची. पाच तुकड्यांचीही पॅडं मिळतात, पण पहिल्यांदा लावणाऱ्याला जितके तुकडे तितक्या चुका. माशाच्या शेपटीसारख्या दुभंगलेल्या, रुंद बोर्डला, ज्याला ‘फिश’ म्हणतात, तीन तुकड्यांचं रुंद पॅड बरं पडतं. दुकानात जाताना शेपटीची रुंदी टोकापासून एक फुटावर मोजून न्या. पॅड दोन्ही बाजूंना कडेपासून २-३ सेंटिमीटर आतच संपलं पाहिजे.

वरची नक्षी चौकोनी, शंकरपाळ्यांसारखी, किंवा उभ्या रेघांची असते. रेघांचं पॅड पायाला मऊ लागतं. खोल, धारदार शंकरपाळी जास्त पकड देतात आणि तितकीच कातडी सोलतात. आपल्याकडे गरम पाण्यामुळे कुणी वेटसूट घालत नाही, पोहण्याच्या चड्डीत पोरं उतरतात. त्यामुळे गुडघा आणि पोटरी थेट पॅडवर घासते. मी मध्यम खोलीची नक्षी घेतो.

रंगाबद्दल एवढंच: काळं पॅड एप्रिलच्या उन्हात तव्यासारखं तापतं. फिका रंग मळतो, पण अनवाणी पायाला तो परवडतो.

जागा ठरवणं

कागदाला हात लावू नका. आधी मोजमाप.

बोर्ड उलटा करा आणि फिन्स बघा. तीन फिन्सच्या बोर्डवर, ज्याला थ्रस्टर म्हणतात, मधल्या फिनची मागची कड शेपटीच्या टोकापासून साधारण ३.५ इंचांवर असते आणि बाजूच्या दोन फिन्सची मागची कड साधारण ११ इंचांवर. फिनचा पाया ४.५ इंचांच्या आसपास. म्हणजे बाजूच्या फिन्सची पुढची टोकं शेपटीपासून १५-१६ इंचांवर येतात. हे आकडे नेहमीच्या घडणीचे झाले; तुमचा बोर्ड तुम्ही टेपने मोजा.

आता बोर्ड सुलटा करून तीच मापं वरच्या बाजूला पेन्सिलने उतरवा. नियम असा: पॅडची पुढची कड बाजूच्या फिन्सच्या पुढच्या टोकांच्या रेषेत किंवा बोटभर पुढे. किकची मागची कड लीशच्या खाचेच्या पुढे, मध्ये २ सेंटिमीटर मोकळे. लीशची दोरी ओवायला आणि गाठ मारायला बोटं आत जायला हवीत, हे मी भोक पाडून शिकलोय. पॅडची लांबी साधारण फूटभर असते, त्यामुळे थ्रस्टरवर दोन्ही अटी बहुधा एकाच वेळी पाळता येतात. नाहीच जमलं तर लीशची अट सोडू नका. पुढची कड इंचभर मागे-पुढे झाली तर चालतं.

चार फिन्स असतील तर पुढच्या जोडीवरून माप घ्या. दोनच फिन्सच्या फिशवर त्या बऱ्याच मागे असतात. तिथे किक लीशच्या खाचेलगत ठेवून पुढची कड येईल तिथे येऊ द्या.

मधली रेघ सापडणं सोपं. पॉलियुरेथेनच्या बोर्डमध्ये नाकापासून शेपटीपर्यंत लाकडाची पट्टी दिसते, तिला स्ट्रिंगर म्हणतात. मधला तुकडा तिच्यावर बरोबर बसवायचा. बऱ्याच इपॉक्सी बोर्डांत ही पट्टी नसते. तिथे नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मध्यापर्यंत दोरा ताणून दोन्ही बाजूंना टेपने अंतर तपासा आणि दोऱ्याखाली पेन्सिलने रेघ मारा.

बोर्ड काही दिवस नुसत्या वॅक्सवर वापरला असेल तर आणखी एक पुरावा हाताशी असतो. मागच्या पायाखालचं वॅक्स चपटं झालेलं, मळलेलं दिसतं. ती जागा वरच्या मापात बसत असेल तर उत्तम. पाय त्याच्या वीतभर पुढे पडत असेल तर पॅड पुढे ओढून पायाची चूक झाकू नका, फिन्स कुठे आहेत तिथेच पॅड लावा. उभं राहताना पाय मागे आणायची सवय होते, आणि पॅड ती लवकर लावतं.

मग तुकडे कागदासकट बोर्डवर मांडा. उभे राहा, बोर्ड खाली गादीवर किंवा सतरंजीवर ठेवून, फिन्स काढून. डोळे मिटून मागचा पाय उचला आणि ठेवा, दोन-चारदा. किक टाचेच्या आणि बोटांच्या कडेला लागते का? आर्च कमानीखाली येते का? पटलं की तुकड्यांभोवती मास्किंग टेप लावून चौकट आखा. एखादा तुकडा कडेबाहेर जात असेल तर आताच, बोर्डपासून दूर, फळीवर ठेवून कटरने कापा. बोर्डवर ठेवून कापलात तर कटर फायबरग्लासमध्ये जातो.

साफसफाई: खरं काम इथे आहे

पॅड सुटण्याच्या दहातल्या आठ गोष्टींमागे मळ, ओल किंवा तेल असतं, असा माझा अनुभव.

पहिलं, वॅक्स. बोर्ड पाच-दहा मिनिटं उन्हात ठेवा, वॅक्स मऊ पडतं. वॅक्सच्या फणीने किंवा जुन्या एटीएम कार्डाने खरवडून काढा. राहिलेला चिकट थर काढायला जुन्या मोज्यात लाकडाचा बारीक भुसा भरून गाठ मारा आणि घासा. भुसा वॅक्स उचलतो. आपल्याकडे कुणीतरी हमखास सांगतं की खोबरेल तेलाने वॅक्स निघतं. निघतं खरं! पण मागे तेल राहतं आणि तेलावर गोंद कसा धरणार? पॅड लावायचं असेल त्या भागाला खोबरेल लावू नका. लावून बसला असाल तर भांडी घासायच्या लिक्विडने दोनदा धुवा.

दुसरं, मीठ. समुद्रातून आलेल्या बोर्डवर मिठाचा पातळ थर असतो. गोड्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. ‘पूर्ण’ म्हणजे हाताला कोरडा लागणं नव्हे. पंख्याखाली रात्रभर.

तिसरं, चिरा. पॅडच्या जागेत कुठे तडा, खड्डा किंवा मऊ लागणारा भाग आहे का, नखाने तपासत जा. असेल तर आधी दुरुस्ती. चिरेवर पॅड लावलं की पाणी आत जातं आणि बाहेर दिसत नाही. आतला फोम पाणी पीत राहतो आणि कळतं तेव्हा बोर्ड जड झालेला असतो.

बोर्ड अगदी आरशासारखा चकचकीत असेल तर पॅडच्या चौकटीच्या आत हिरव्या स्क्रबरने हलक्या हाताने घासून चमक घालवा. सँडपेपरच वापरायचा तर ४०० नंबरचा, तोही अलगद. मुळात मॅट असलेल्या बोर्डला याची गरज नाही.

शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. केमिस्टकडे मिळतं, मोबाइल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानातही मिळतं. स्वच्छ सुती फडक्यावर घेऊन पुसा, फडकं बदलून पुन्हा पुसा. सॅनिटायझर चालत नाही, कारण त्यात हात मऊ राहावेत म्हणून ग्लिसरीन वगैरे घातलेलं असतं आणि ते बोर्डवर मागे राहतं. नेलपॉलिश रिमूव्हरचंही तसंच, त्यात तेल असतं. शुद्ध ॲसिटोनने काम होतं, पण बोर्डवर रंग फवारलेला असेल तर तो रंग निघतो.

एकदा पुसलं की त्या जागेला बोट लावायचं नाही. सनस्क्रीन लावलेल्या हातांनी तर नाहीच.

चिकटवणं

दिवस कोरडा निवडा. कोकणात जून ते सप्टेंबर हे काम टाळलेलं बरं. करायचंच असेल तर एसीच्या खोलीत. बोर्ड सावलीत, २५ ते ३० अंशांच्या खोलीत तासभर ठेवलेला असावा. उन्हातून नुकताच आणलेला तापलेला डेक नको: गोंद टेकताक्षणी धरतो, सरळ करायला वेळ मिळत नाही, फुगे राहतात. थंड देशातल्या मराठी मंडळींची अडचण उलटी. जानेवारीत इंग्लंडमधल्या गॅरेजमध्ये गोंद कडक असतो. तिथे बोर्ड आणि पॅड दोन्ही घरात आणून ठेवा, आणि केस वाळवायच्या ड्रायरने मंद आचेवर, हात हलता ठेवून, कोमट करा. रंग काढायची हीट गन वापरू नका, आतला फोम बसतो.

तीन तुकड्यांत आधी मधला.

१. मागच्या, किकच्या बाजूचा कागद ४-५ सेंटिमीटर सोडवून उलटा दुमडा. सगळा एकदम काढू नका.

२. तुकडा टेपच्या चौकटीत, स्ट्रिंगरच्या रेघेवर धरा. डोळा बरोबर वर आणून, वाकून बघा. तिरकं बघितलं की तिरकं लागतं.

३. दुमडलेला भाग आधी टेकवा. पाहिजे तिथे टेकलाय याची खात्री झाली की पुढचा कागद एका हाताने हळूहळू ओढत जा आणि दुसऱ्या हाताने मागून पुढे, मधून कडेला, पॅड दाबत जा. हवा पुढे सरकत बाहेर जायला हवी.

४. बाजूचे तुकडे लावताना आतली कड आधी. मधल्या तुकड्याशी कमीत कमी २-३ मिलिमीटरची समान फट ठेवा, म्हणजे पाणी निचरतं आणि तुकडे एकमेकांवर चढत नाहीत. समान फटीसाठी मी एकावर एक तीन एटीएम कार्डं मध्ये उभी धरतो. दोन्ही बाजूंच्या किक एका रेषेत येतात ना, ते टेकवण्याआधी बघा. पाच मिलिमीटरचा फरकही नंतर कायम डोळ्यात खुपतो.

चुकलं तर? पहिल्या काही सेकंदांत, नुसतं टेकलेलं असेल, तर हळूच उचलून पुन्हा लावता येतं. दाबल्यावर उचललंत तर गोंदाचा काही भाग बोर्डवर राहतो. थोडं वाकडं गेलं असेल तर तसंच राहू द्या. पायाला दोन मिलिमीटर कळत नाहीत, फक्त डोळ्याला कळतात.

आता दाब. हा गोंद ओल्या गोंदासारखा वाळत नाही. तो दाबाने पृष्ठभागाच्या बारीक खाचांमध्ये पसरतो आणि वेळ जाईल तसा घट्ट होत जातो. म्हणून दाब आणि वेळ, दोन्ही द्यावे लागतात. घरातलं पोळ्यांचं लाटणं घ्या आणि जोर लावून फिरवा, मधून कडेकडे. घरच्यांना आधी विचारा. कडा आणि कोपरे चमच्याच्या पाठीने दाबा, सुटायला सुरुवात तिथूनच होते. मग बोर्ड गादीवर ठेवून पॅडवर अनवाणी उभे राहा, मिनिटभर भार इकडून तिकडे करा. टेप काढा. पॅडवर पुस्तकांचा गठ्ठा किंवा तांदळाची पिशवी ठेवून द्या.

२४ तास पाणी नाही. शनिवारी सकाळी आश्व्याला जायचं असेल तर पॅड गुरुवारी संध्याकाळी लागलेलं असायला हवं. शुक्रवारी रात्री मुक्कामी पोहोचून लावणारे लोक मी पाहिलेत, रविवारी त्यांचेच तुकडे वाळूत सापडतात.

वापरायला लागल्यावर

पुढच्या पायाखाली वॅक्स लागतंच. आपल्या समुद्राला ‘ट्रॉपिकल’ लिहिलेलं घ्या, ते साधारण २४ अंशांवरच्या पाण्यासाठी असतं. थंड पाण्याचं वॅक्स गोव्यात लोण्यासारखं ओघळतं. पॅडवर मात्र वॅक्स लावू नका, खाचा बुजतात. दोन बोर्ड एकमेकांवर ठेवताना वरच्याचं वॅक्स खालच्याच्या पॅडला लागतं. मध्ये चादर घाला. तरीही लागलंच तर बर्फाचा खडा फिरवून वॅक्स कडक करा आणि नखाने टिपून काढा. पॅडवर सॉल्व्हंट ओतलं की ते झिरपून खालचा गोंदही सोडवतं.

पहिल्या दोन-तीन वेळा पाण्यातून आलात की कडांवरून बोट फिरवा. दर वेळी गोड्या पाण्याने धुवा, खाचांतली वाळू काढा. राहिलेली वाळू गुडघ्याला सँडपेपर होते. पोट आणि छातीसाठी रॅश गार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा अंगासरशी टी-शर्ट, घाला. आणि बोर्ड उन्हात बंद गाडीत सोडू नका. मुंबई-गोवा प्रवासात टपावर बांधला असेल तर जेवणाच्या थांब्यावर गाडी सावलीत लावा. त्या उष्णतेने गोंद तर मऊ होतोच, पण त्याहून वाईट म्हणजे बोर्डचा वरचा थर आतल्या फोमपासून सुटू शकतो.

एखादा कोपरा उचललाच तर लगेच बघा, कारण आत पाणी आणि वाळू गेली की सुटणं वाढत जातं. उचललेला भाग गोड्या पाण्याने धुवा, दिवसभर वाळवा, कापसाच्या काडीने अल्कोहोल फिरवा. मग चपला चिकटवायला वापरतात ते सोल्यूशन दोन्ही बाजूंना पातळ लावा, दहा मिनिटं थांबून हाताला कोरडं लागलं की दाबा, वर वजन ठेवा. झटपट चिकटणारा सुपरग्लू इथे कामाचा नाही, तो कडक होतो आणि फोम वाकला की तडकतो.

जुनं पॅड काढायचं असेल

सेकंड-हँड बोर्ड घेणाऱ्यांना हे लागणारच. ओढून काढू नका, रंग किंवा फायबरग्लासची सालही सोबत येते. ड्रायरने एक कोपरा कोमट करा, उचला, आणि खाली मासेमारीची तंगूस घालून दोन्ही हातांनी करवतीसारखी मागे-पुढे ओढत जा. थोडं गरम करायचं, थोडं कापायचं. हातात जुने मोजे घाला, तंगूस बोटं कापते. बाकी राहिलेल्या गोंदावर आता मात्र खोबरेल चालेल: चोळा, पंधरा मिनिटं ठेवा, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. मग लिक्विड साबण, मग अल्कोहोल. जुन्या पॅडखालचा भाग बाकी बोर्डपेक्षा पांढरा निघतो, कारण त्याला ऊन लागलेलं नसतं. तिथे पिवळसर डाग किंवा ओल दिसली तर नवं पॅड लावण्याची घाई नको. बोर्ड आठवडाभर सावलीत वाळवून दुरुस्त करून घ्या.

काढलेल्या पॅडची किक फेकू नका. टपावर बोर्ड बांधताना पट्ट्याच्या बकलाखाली ठेवायला तिच्याइतकं चांगलं काही नाही.